नकार कळवायला हैद्राबादला

माझ्या मुलीला एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या मंजूर झाल्या. पुढे जे घडलं त्यात कोणाचाही दोष नाही, प्रत्येकाने नियमाप्रमाणेच काम केलं, हे मी सुरुवातीलाच नमूद करतो.

मुलीचं नाव शिवरंजनी. ती सॉफ्टवेअरचं काम करते. तिची आधीची कंपनी एका शुक्रवारी दुपारी बंद झाली. त्यानंतर तिने जिंतूरच्या आमच्या घरात, देवघराशेजारच्या खोलीत बसून मुलाखती दिल्या. मुलाखत चालू असताना कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही आणि मी बनियनवर कॅमेऱ्यासमोरून जायचं नाही, असा नियम होता. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेत काम केलं आहे. नियम पाळणं मला जड जात नाही.

स्थळांना गावाच्या नावाने ओळखायची आमच्याकडे रीत आहे. म्हणून आम्ही एका कंपनीला पुणेकर म्हणायला लागलो आणि दुसरीला हैद्राबादकर. पुणेकरांचं काम घरी बसून करायचं होतं. ते लोकांना पाणी प्यायची आठवण करून देणारं ॲप बनवत होते. आमच्या गल्लीत नळ कधी येणार याची आठवण करून देणारं असतं तर मला त्याचा उपयोग समजला असता. हैद्राबादकरांकडे रोज ऑफिसात जावं लागणार होतं. ते रुग्णवाहिकेला कमी वेळाचा रस्ता दाखवणारं काहीतरी करत होते. "आईला परभणीला नेलं त्या दिवशी असं काही असतं तर," असं शिवरंजनी म्हणाली आणि वाक्य तसंच ठेवून चहा टाकायला गेली.

पुणेकर घेतले तर ती घरात राहणार होती. हैद्राबादकर घेतले तर घरात मी एकटा. हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून दोघंही पगाराविषयी बोलत होतो.

आमच्या घरात निवडण्याचं खातं माझ्या बायकोकडे, भागम्माकडे होतं. पडद्याच्या कापडापासून डॉक्टरपर्यंत सगळं ती ठरवायची आणि आम्ही अंमलबजावणी करायचो. ती जाऊन वर्ष झालं. दवाखान्यात जाण्याआधी तिने शेवटची सांगितलेली भाजी दोडक्याची होती. तो आदेश रद्द करायला सक्षम अधिकारी न उरल्यामुळे आम्ही वर्षभर दोडके खात होतो. अशा घरासमोर दोन नोकऱ्यांतून एक निवडण्याचा प्रश्न आला.

"अप्पा, तुमीच सांगा," ती म्हणाली.

"तुझं तू ठरव," मी म्हणालो.

विषय असा दोन्ही टेबलांवरून परत आल्यामुळे मी बोरीच्या दत्तरावांना बोलावलं. दत्तरावांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, पण पंचक्रोशीतल्या सोयरिकी जुळवणं हा त्यांचा खरा व्यवसाय. त्यांनी बसल्या बसल्या चौकशी सुरू केली.

"पुणेकरांची माणसं कशी हायती?"

"ते म्हणतात, आम्ही कंपनी नाही, कुटुंब आहोत," शिवरंजनी म्हणाली.

"मागच्या साली कुटुंबातून काढले किती जण?"

तिने फोनवर बघितलं. "बरेच."

"मंग कुटुंब न्हाई ते, भाऊबंदकी हाय. आन् हैद्राबादकर?"

"काम चांगलंय. पण लांबंय."

"लांब कुठलं? निजामाच्या काळात आपलं सगळं कामकाज हैद्राबादलाच व्हायचं. माझा आजा एका शिक्क्यासाठी जायचा."

"शिक्का मिळायचा का?"

"त्यो आणखी येगळा विषय हाय."

शेवटी शिवरंजनीने पुणेकर धरले. कारण विचारलं तर म्हणाली, इथलं इंटरनेट आता बरं झालंय. आमच्याकडचं इंटरनेट वारा सुटला की जातं. मला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याचं दिसू नये म्हणून मी कॅलेंडर बघत होतो.

"मंग हैद्राबादकरांला काय कळवलंस?" दत्तरावांनी विचारलं.

"काही नाही. गेल्या आठवड्यात त्यांनाही हो म्हणलेय मी. दोघांनाही म्हणलेय. सगळेच म्हणतात."

दत्तरावांनी कप खाली ठेवला. "दोघांला? एका टायमाला?"

"हो. मग जे नको त्यांचे फोन उचलायचे नाहीत. ते समजून घेतात. त्याला घोस्टिंग म्हणतात, काका. भुतासारखं गायब व्हायचं."

"आमच्यात मेल्याबिगर भूत होता येत न्हाई," दत्तराव म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी घसा साफ केला. "गुरुपादअप्पा, सुपारी फुटलेली हाय. असं गप बसून चालत न्हाई. बापानं जाऊन, समोर बसून, पाणी पिऊन सांगायचं असतंय. त्यांनीबी पोरीसाठी जागा आडवून ठेवली आसंल. इज्जतीची गोष्ट हाय."

मलाही तसंच वाटत होतं. आमच्या घराण्यात आजवर कोणाचं स्थळ मोडलं तर जाऊन मोडलं आहे. शिवरंजनी म्हणाली, "अप्पा, हसतील तुमाला. मी येणार नाही, मला लाज वाटायलीय." तिचं म्हणणं आम्ही विचारात घेतलं आणि परभणीहून हैद्राबादच्या गाडीची दोन तिकिटं काढली. बरोबर टॉवेल-टोपी घेतली, नारळ घेतला, आणि तिकडच्या साहेब बाईंसाठी एक खण. मोडायचं असलं तरी रिकाम्या हाताने जात नाहीत.

हैद्राबादकरांचं ऑफिस काचेचं होतं. फाटकावर पहारेकरी होता आणि त्याच्यापुढे एक मशीन. मशीनवर येण्याचं कारण निवडायचं होतं: मुलाखत, रुजू होणे, माल पोहोचवणे, दुरुस्ती.

"आमी न्हाई म्हणायला आलोत," दत्तराव म्हणाले.

पहारेकऱ्याने सगळी बटणं दोनदा तपासली. "चाचा, ना बोलने कू कोई इत्ता दूर नै आता. बटन इच नै है."

"मग काय करायचं?"

"कागद कौनसा लाए?"

मी शिवरंजनीचं नेमणुकीचं पत्र दाखवलं. तो म्हणाला, ये तो जॉइनिंग का है, आणि त्याने 'रुजू होणे' दाबलं. नकाराचं बटण खाली कुठे लपलंय का हे बघायला मी मशीनवर वाकलो, तेवढ्यात मशीनने माझा फोटो काढला. कपाळावर विभूती, डोळे बारीक केलेले. मशीनच्या बाजूने एक ओळखपत्र बाहेर आलं. त्यावर माझा चेहरा होता आणि खाली लिहिलं होतं, शिवरंजनी, सॉफ्टवेअर अभियंता, कुटुंबात स्वागत. दत्तरावांसाठी कोणतंच बटण बसेना, म्हणून त्यांची नोंद 'सोबतचे साहित्य' या सदरात झाली.

वर माणसं नेमणाऱ्या खात्याच्या प्रमुख अर्पिता होत्या. त्या मूळच्या वसमतच्या, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. मी त्यांना खण-नारळ दिला आणि हात जोडून सांगितलं की आपलं स्थळ उत्तम आहे, आमच्या मुलीचा योग नाही, राग मानू नये.

अर्पिताबाईंनी नारळ दोन्ही हातांत धरला. "काका, मी इतक्या जणांना नोकरी देते," त्या म्हणाल्या. "येतो म्हणतात आणि फोन बंद करून टाकतात. सोमवारी सकाळी मी इथं लॅपटॉप घेऊन उभी असते. आजपर्यंत एकानेही समोर येऊन 'नाही' असं सांगितलेलं नाही."

"आन् तुमी ज्यांला घेत न्हाई, त्यांला कळवता का?" दत्तरावांनी विचारलं.

"ते सिस्टिम कळवते."

"कधी?"

"सिस्टिमचं तसं काही ठरलेलं नाही."

त्यांच्या साहेबांना टॉवेल-टोपी द्यायची होती, पण साहेब त्या दिवशी स्क्रीनवर होते. दत्तरावांनी टोपी स्क्रीनला घातली. साहेब थँक्यू म्हणाले. इथवर कार्यक्रम व्यवस्थित झाला.

मग अर्पिताबाई नकार नोंदवायला कॉम्प्युटरकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, नकार रुजू होण्याआधी घेता येतो. तुम्ही तर रुजू झालात."

"मी नाही झालो."

"तुम्ही नाही, शिवरंजनी झाली. तिची सगळी कागदपत्रं तिने आधीच चढवली होती. फक्त फोटो बाकी होता, तो आज मिळाला."

"मग ते रद्द करा."

"रद्द होत नाही. राजीनामा द्यावा लागेल. राजीनाम्यानंतर तीन महिन्यांची नोटीस. तेवढे दिवस हजर राहून काम करावं लागतं, तर मुक्त केल्याचं पत्र मिळतं."

मी नोकरीत असताना अर्ज न करता बदली झालेले लोक बघितले आहेत. न येता रुजू झालेला माणूस पहिल्यांदा बघितला. मी अर्पिताबाईंना मनापासून नमस्कार केला. आमच्या कचेरीला एवढं करायला निदान चार टेबलं लागली असती.

घरी येऊन मी शिवरंजनीला सगळं सांगितलं. तिने डोकं धरलं. पण पुणेकरांपर्यंत बातमी आमच्याआधी पोहोचली होती. त्यांनी पार्श्वभूमी तपासली, तेव्हा मुलगी हैद्राबादला नोकरीत असल्याचं निघालं. त्यांनी लिहिलं की आपण कुटुंब आहोत, म्हणून थांबू. मात्र हैद्राबादकरांचं मुक्ततापत्र आणल्याशिवाय घरात घेता येणार नाही.

म्हणजे घरी बसून नोकरी करण्यासाठी शिवरंजनीला घर सोडून हैद्राबादला जाणं भाग होतं.

"जा," मी म्हणालो. "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." मी हे अगदी सहज म्हणालो. माझी तयारी चालू होती. मी कुकरचं एक लहान भांडंसुद्धा माळ्यावरून काढून ठेवलं.

घरूनच राजीनामा पाठवून ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "अप्पा, मला आत घेईनात. फाटकाचं मशीन म्हणायलंय, चेहरा जुळत नाही. त्याला तुमचा चेहरा पाहिजे."

"दुरुस्तीचा अर्ज कर."

"अर्ज आतल्या कॉम्प्युटरवरूनच करता येतो."

"मग आत जा."

"अप्पा!"

मी घराला कुलूप लावलं आणि गाडी धरली.

आम्ही एक खोली घेतली. रोज सकाळी मी फाटकावर उभा राहायचो, मशीन माझा चेहरा ओळखायचं, फाटक उघडायचं, आणि शिवरंजनी माझी पाहुणी म्हणून माझ्या मागून आत यायची. तिच्या गळ्यात पाहुण्याचं ओळखपत्र असायचं. ती दिवसभर काम करायची. मी कर्मचारी असल्यामुळे मला काही काम नव्हतं. चेहरा दुरुस्तीचा अर्ज मी पहिल्याच दिवशी केला. त्यावर 'आपला विषय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असा शेरा पडला आणि तो तसाच राहिला. हा शेरा आम्हाला आमच्या काळात सुचला नाही याचं मला वाईट वाटलं. आम्ही नुसतं 'नंतर या' म्हणायचो.

दत्तराव अधूनमधून फोन करायचे. "मंग, रुळली का पोरगी?"

"रुळली. तिचं काम लय चांगलं चाललंय."

"आन् तुमी?"

"मी वेळेवर येतो."

खरंच तिचं काम चांगलं चाललं होतं. कुठल्याशा तालुक्यात एक गाडी त्यांच्या रस्त्याने गेली आणि वेळेत पोहोचली, ते सांगताना ती हातवारे करत होती. भागम्मा गेल्यानंतर मी तिचे हात तसे हललेले बघितले नव्हते. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रोजचं ताट ठरलेलं असायचं. ठरवायचं काहीच नसायचं. आम्ही दोघंही पोटभर जेवत होतो.

तिमाही मूल्यमापनात माझा विभागात पहिला क्रमांक आला. माझी हजेरी पूर्ण होती, मी कोणाशी वाद घातला नव्हता, आणि माझ्या हातून सॉफ्टवेअरमध्ये एकही चूक झाली नव्हती. स्क्रीनवरच्या साहेबांनी सर्वांसमोर सांगितलं की शिवरंजनी हे आपल्या कुटुंबाचं भूषण आहे. मी उभा राहिलो. टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारी पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून शिवरंजनीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

नोटीस संपायला एक दिवस राहिला तेव्हा ती रस्त्यात थांबून म्हणाली, "अप्पा, मला इथंच राहावंसं वाटायलंय."

समोरून दोन बस गेल्या.

"राहा," मी म्हणालो.

"तुमी एकटे?"

"मी म्हातारा माणूस. मला काय होतंय? तू राहा."

वर्षभरात आमच्या घरात घेतलेला हा पहिला निर्णय. तो आम्ही दोघांनी मिळून घेतला आणि दुसऱ्या दिवशी अर्पिताबाईंना सांगितला. त्यांना फार आनंद झाला. राजीनामा मागे घ्यायला त्यांनी कॉम्प्युटर उघडला, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून समजलो.

माझ्या त्या अर्जावर कार्यवाही झाली होती. शिवरंजनीच्या नावावर चुकीचा चेहरा आहे, ही तक्रार सिस्टिमने मान्य केली होती आणि दोन्ही वेगवेगळे केले होते. आता एका नोंदीत नाव होतं, दुसऱ्या नोंदीत चेहरा. राजीनामा नावाने दिला असल्यामुळे नाव मुक्त झालं होतं. मुक्त झालेल्याला वर्षभर परत घेता येत नाही, असा नियम आहे. चेहऱ्याने राजीनामा दिलेला नसल्यामुळे चेहरा सेवेत कायम होता.

"मग चेहऱ्याचाही राजीनामा घ्या," मी म्हणालो.

"राजीनाम्यावर नाव लागतं, काका. चेहऱ्याला नाव नाही."

"मी उद्यापासून आलोच नाही तर?"

"तर गैरहजेरीची चौकशी लागेल. चौकशी चालू असेपर्यंत मुलीचं मुक्ततापत्र रोखून धरतात. पुणेकर तिला घेणार नाहीत, आम्हाला घेता येत नाही. तिचं काय होईल?" त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. टेबलावरच्या रुमालाने त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही आमच्याकडे राहा. तुम्हाला जमेल असं काम आहे."

अशा रीतीने शिवरंजनी घरी गेली. ती आता जिंतूरला देवघराशेजारच्या खोलीत बसून लोकांना पाणी प्यायची आठवण करून देते. मी हैद्राबादला असतो. माझ्यासाठी कंपनीने नकार कक्ष उघडला आहे. ज्या उमेदवारांना घ्यायचं नाही आणि ज्यांना कोणीच काही कळवत नाही, त्यांना मी फोन करतो. स्थळ उत्तम आहे, योग नाही, राग मानू नका, असं सांगतो. बरीच मुलं रडतात. एकाने मला जेवलात का, असं विचारलं.

जिंतूरच्या लोकांना मात्र हे पटलेलं नाही. गल्लीतून मला सारखे फोन येतात. पोरीला एवढ्या मोठ्या घरात एकटं टाकून गेलात? तिने सणाला काय करायचं? आजारी पडली तर तिला परभणीला कोण नेणार? रोज एक फोन केला म्हणजे झालं का? हेच शिकलात का आयुष्यभर? एका गृहस्थांनी तर मला स्वार्थी म्हटलं. त्यांचा स्वतःचा मुलगा बेंगळुरूला असतो आणि त्याचं मोठं कौतुक आहे. त्यांना मी कधी विचारलं नाही की तुम्ही घरात एकटे कसे राहता. हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. मुलगा बापाला सोडून लांब गेला तर त्याला प्रगती म्हणतात. बाप मुलीला सोडून लांब गेला तर त्याला काय म्हणायचं, ते अजून ठरायचं आहे.

ही हकीकत वाचून ज्यांना शिवरंजनीची काळजी वाटली, त्यांचे मी आभार मानतो. ती ठीक आहे, मी संध्याकाळी तिच्याशी बोललो. आता तुमच्याकडून कुठल्या घरी फोन लावायचा राहिला आहे, ते ज्याचं त्याला माहीत आहे.